शेरखानचा कुठला पाय लंगडा?

अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओत नव्याने लागलेल्यांना, पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागातल्या विद्यार्थ्यांना किंवा एखाद्या महोत्सवाच्या निवड समितीत पहिल्यांदा बसणाऱ्यांना हे काम कधी ना कधी येतं: गाजलेल्या बालपुस्तकावरच्या अ‍ॅनिमेशन मालिकेचा एक एपिसोड बघा आणि मत द्या. पहिल्या खेपेला बहुतेकजण दोनांपैकी एक वाक्य लिहितात. ‘पुस्तकात असं नव्हतं’ किंवा ‘चित्रं छान आहेत’. या वाक्यांवरून पटकथाकाराला किंवा अ‍ॅनिमेटरला काहीच दुरुस्त करता येत नाही.

उदाहरणाला ‘जंगल बुक’ घेऊ. पुस्तक १८९४चं. लेखक रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ साली मुंबईतला, वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. पुढे १९८९ची जपानी मालिका हिंदीत डब होऊन दूरदर्शनवर आली आणि मोगली घरोघरी पोचला. अडचण तिथेच सुरू होते, कारण लहानपणीची मालिका डोक्यात पक्की बसलेली असते आणि आपण तिलाच मूळ पुस्तक समजतो. म्हणून एपिसोड लावण्याआधी मूळ प्रकरण वाचा, आणि तेही पूर्ण. पातळशी संक्षिप्त बालआवृत्ती चालणार नाही, कारण तिच्यात आपल्याला हवी असलेली कारणंच गळालेली असतात.

वाचताना घटनांची यादी करू नका, ‘म्हणून’ची साखळी लिहा. मोगली रेडे-म्हशींचा कळप अंगावर घालून शेरखान वाघाला मारतो, त्या प्रसंगाची साखळी अशी: शेरखान जन्मापासून एका पायाने लंगडा, म्हणून तो गुरं मारतो. म्हणून गावकरी चिडलेले. शेवटच्या दिवशी त्याने डुक्कर खाल्लंय, वर पाणी प्यायलाय, म्हणून अंग जड. म्हणून वैनगंगेच्या कोरड्या घळीच्या कडा त्याला चढवत नाहीत. वरच्या तोंडातून रेडे येतात आणि खालचं तोंड म्हशी-पारड्यांनी अडवलेलं असतं. आता एपिसोडने यातली कुठली कडी काढली आणि तिच्या जागी काय ठेवलं, ते तपासा. काढण्यात गैर काहीच नाही, २२ मिनिटांत सगळं मावत नाही. पण भरलेलं पोट काढलं आणि दुसरं कारण दिलं नाही, तर सात वर्षांचं मूल विचारणारच, ‘वाघ उडी मारून वर का नाही गेला?’ तो प्रश्न जिथे उठतो त्या मिनिटाची नोंद करा. ‘का’ नावाच्या अजगराचंही तसंच. पुस्तकात तो मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवतो, १९६७च्या चित्रपटात तोच शत्रू आहे. असा बदल चालतो, पण त्याचं कारण एपिसोडच्या आत सापडायला हवं.

बघायचं तीनदा. पहिल्यांदा न थांबता, न लिहिता, साध्या वेगाने. सव्वापट वेग लावलात तर टायमिंगवर बोलायचा हक्क गेला. दुसऱ्यांदा आवाज बंद करून: गोष्ट नुसत्या चित्रांतून कळते का? तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐकायचं. टीव्हीवर बघणार असाल तर आधी मेन्यूतलं मोशन स्मूदिंग बंद करा. ते चालू असलं की टीव्ही दोन फ्रेमच्या (स्थिर चित्रांच्या) मध्ये नव्या फ्रेम स्वतः तयार करतो आणि तुम्ही अ‍ॅनिमेटरने न केलेल्या कामाला गुण देत बसता.

सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर २२ मिनिटांत ३३,००० फ्रेम होतात. त्यामुळे एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, त्याला ‘टूज’वर काम करणं म्हणतात. तो दोष नाही. वेगवान हालचालीत मध्येच पॉज केल्यावर चेहरा ताणलेला, फिसकटलेला दिसतो, तोही दोष नाही, मुद्दाम काढलेला स्मिअर असतो. खरे दोष वेगळीकडे सापडतात. जड प्राण्याचा पाय जमिनीला टेकल्यावर सरकतो का? कळपात तीन-चार रेड्यांचीच सायकल, म्हणजे चालण्या-धावण्याची एकदा काढलेली चित्रमालिका, पुन्हा पुन्हा वापरतात, ते ठीक. पण सगळ्यांचे पाय एकाच क्षणी पडले तर चेंगराचेंगरीची कवायत होते. प्रत्येकाची सुरुवात काही फ्रेम मागेपुढे केली की हे टळतं.

आणि शेरखानचा पाय. लंगडा वाघ साध्या चालीच्या सायकलवर चालूच शकत नाही, त्याचं वजन दुसऱ्या बाजूला झुकायला हवं. वेळ वाचवायला शॉट आरशासारखा उलटा केला की उजवा लंगडा पाय डावा होतो. वाघ दिसेल त्या प्रत्येक शॉटला कुठला पाय ते कागदावर मांडा. ही चूक मोठ्यांच्या नजरेतून सुटते, मुलांच्या नाही.

घळीचा भूगोलही तसाच जपायचा असतो. रेडे पडद्याच्या डावीकडून येत असतील तर म्हशी उजवीकडे राहिल्या पाहिजेत. मध्येच बाजू पलटली की कोण कोणाला अडवतंय ते कळत नाही आणि ताण विरून जातो. पार्श्वभूमीत पुस्तकातलाच पुरावा शोधा: घळीजवळचा पळस फुललेला आहे, म्हणजे दिवस फाल्गुनाच्या आसपासचे. मग गवत वाळलेलं हवं. गोष्ट घडते त्या मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या रानात नारळ दिसला तर लाल शेरा.

डबिंगचे गुण वेगळे ठेवा. ओठांची चित्रं मूळ भाषेसाठी काढलेली असतात, त्यामुळे प्रत्येक अक्षर जुळणार नाही. तोंड उघडणं-मिटणं आणि वाक्याचा शेवट जुळला की पुरे. आवाज ओठांच्या आधी आला तर लगेच खटकतो, किंचित मागून आला तर खपतो. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, तेवढ्या हिशेबाने नोंद करा.

सुरुवातीला १००पैकी कार्यकारणाला ३५, पात्रांना २५, हालचालीला २०, ध्वनीला १५ आणि पार्श्वभूमीला ५ अशी वाटणी सोयीची. पार्श्वभूमीला इतके कमी, कारण सुंदर चित्रांना नवखे परीक्षक आपोआपच जास्त देतात. प्रत्येक कापलेल्या गुणापुढे मिनिट-सेकंद, काय दिसलं आणि त्याने काय बिघडलं एवढं लिहा: ‘१४:०६, मागचा डावा पाय लंगडा, आधी उजवा होता, वाघ दुबळा असल्याचं पटेनासं होतं.’