लिनक्समध्ये हार्ड डिस्क जोडताना या चुका टाळा

डिस्क लावली, पार्टिशन केलं, फॉरमॅट केलं, माउंट झाली, म्हणजे एका फोल्डरला जोडून वापरायला तयार झाली. काम पंधरा मिनिटांचं. त्रास पुढे होतो, कधीतरी मशीन रीस्टार्ट केल्यावर.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. लिनक्स डिस्कला देतं ती एसडीए, एसडीबी ही नावं डिस्कवर कुठेच लिहिलेली नसतात. डिस्क ज्या क्रमाने सापडतात, तशी ती मिळतात. यूएसबी डिस्क लावलेली असताना मशीन सुरू केलं, तर कालची एसडीबी आज एसडीसी होऊ शकते. मशीन सुरू होताना कुठली डिस्क कुठे माउंट करायची याची यादी एफएसटॅब फाइलमध्ये असते; तिथे अशी नावं लिहिणं म्हणजे रांगेतल्या जागेवरून माणूस ओळखणं. तिथे यूयूआयडी (फॉरमॅट करताना मिळणारा ओळख क्रमांक) किंवा आपण दिलेलं लेबलच लिहा. 'ब्लकआयडी' कमांड दोन्ही दाखवते.

लेबल देतानाही जपून. ईएक्सटी4 आणि एक्सएफएस या फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती; ईएक्सटी4 वर लेबलला 16 बाइट मिळतात, एक्सएफएसवर 12. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 3 बाइट घेतं. म्हणून 'फोटो' कसाबसा बसतो, 'कागदपत्रं' बसत नाही. लेबल रोमन लिपीत ठेवलेलं बरं. आणि प्रत्येक डिस्कला 'डेटा' हेच नाव देऊ नका. दोन डिस्क एकत्र लावल्या की कुठली माउंट होईल याचा भरवसा नाही. जीपीटीमधलं (पार्टिशनच्या नोंदीची नवी पद्धत) पार्टिशनचं नाव आणि फाइलसिस्टमचं लेबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही बरेच जण विसरतात.

'डीडी' कमांडने डिस्कची हुबेहूब प्रत काढली की यूयूआयडीही तोच येतो. एक्सएफएस अशी दुसरी प्रत माउंट करायला नकार देतं. ईएक्सटी4 मात्र गुपचूप माउंट करतं, आणि तेच जास्त धोक्याचं. ईएक्सटी4 च्या प्रतीचा यूयूआयडी 'ट्यून2एफएस' कमांडने लगेच बदला.

2 टेराबाइटहून मोठ्या डिस्कला जुनी एमबीआर पद्धत पुरत नाही, जीपीटी घ्या.

एफएसटॅबमध्ये बाहेरच्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे चला) लिहायचं राहिलं आणि डिस्क जोडलेली नसली, तर मशीन सुरू करणारं सिस्टमडी 90 सेकंद वाट पाहून थेट इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, नेतं. दूरच्या सर्व्हरवर हे झालं तर तिथे कोणाला तरी पाठवावं लागतं. एफएसटॅब बदलल्यावर रीस्टार्टआधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' आणि 'माउंट -ए' चालवाच. पण 'नोफेल'मुळे दुसरी अडचण येते: डिस्क नसतानाही बॅकअप त्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहिला जातो आणि मुख्य डिस्क भरते. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये 'माउंटपॉइंट' कमांडने आधी तपासून घ्या.

माझ्याकडे एकाच बनावटीच्या, 4 टेराबाइटच्या दोन डिस्क होत्या. भरलेली कुठली हे अंदाजाने ठरवलं आणि नेमकी तीच फॉरमॅट केली. घरच्यांचे अकरा वर्षांचे फोटो गेले. तेव्हापासून फॉरमॅट करण्याआधी 'एलएसबीएलके'मध्ये सीरियल नंबर पाहतो आणि डिस्कवर चिकटवलेल्या कागदावरच्या शेवटच्या चार अंकांशी ताडतो. कागद अशा कडेला लावा, की स्क्रू न काढता वाचता येईल. डिस्कवर हवेसाठी बारीक भोक असेल, तर ते झाकू नका.