कुत्र्याच्या खाण्याचे वांधे होतात तेव्हा

मंदीत आमच्या मालकांनी माग भंगारात घातले. इचलकरंजीत मी जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, हातात कसब, पण चार महिने काम नाही. घरी आई, बायको आणि अठ्ठावीस किलोचा लॅब्रॅडॉर, नाव भोपळ्या. खाण्याचं पोतं संपत आलं, तरी मी कुणाला बोललो नाही. रोज त्याच्या वाटीतली मूठभर कमी करत गेलो. पंधरा दिवसांत त्याच्या बरगड्या हाताला लागायला लागल्या.

म्हणून सांगतो, पोतं अर्धं असतानाच तोंड उघडा. जुनं खाणं हाताशी असलं की नवं आठवडाभरात हळूहळू मिसळता येतं. एकदम बदललं की जुलाब, आणि मग औषधाचा खर्च अंगावर.

आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. तिथं गायी-म्हशींची रांग असते, मला तर कुत्रं घेऊन जायची लाज वाटत होती. केसपेपरचे किरकोळ पैसे लागले. डॉक्टरांना सरळ म्हणालो, "साहेब, पोतं परवडत नाही, घरचं काय घालू?" वजन करून त्यांनी रोजचं माप लिहून दिलं. पिलू, गाभण कुत्री किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेलं जनावर असेल तर हे विचारल्याशिवाय काही बदलू नका.

मग चिकनचं दुकान. रविवारी सकाळी जाऊ नका, चाचांना मान वर करायला सवड नसते. मधल्या वारी दुपारी जा. "कुत्र्यासाठी माना आणि पेटे बाजूला ठेवाल का? थोडे पैसे देतो," एवढंच म्हणा. फुकट मागितलं की दोनदा मिळतं, तिसऱ्यांदा माणूस नजर चुकवतो. मी त्यांचं अडकणारं शटर दुरुस्त करून दिलं. तेव्हापासून माझी पिशवी तयारच असायची.

माना कातडी काढून उकडायच्या, मांस सोडवायचं आणि हाडं टाकून द्यायची. शिजलेलं हाड फुटून आतड्याला टोचतं. त्याच पाण्यात तांदळाची कणी शिजवायची. गिरणीत ती तांदळापेक्षा बरीच स्वस्त पडते. जमेल तेव्हा उकडलेलं अंडं. आपल्या आमटीतला वाटा मात्र घालू नका. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि बिस्किटांवर दिवस काढणं म्हणजे नुसती साखर-मैदा, पोटाची समजूत. मांजर असेल तर दूध-भातावर ठेवूच नका. त्याला लागणारं टॉरिन नावाचं पोषक द्रव्य मांस-मासळीतूनच मिळतं. ते कमी पडलं की डोळे आणि हृदय जातं.

गल्लीत भटक्या कुत्र्यांना खायला घालणारी एखादी ताई असतेच. तिला गाठा. कणी कुठं स्वस्त, कोण उरलेलं देतं, हे तिला तोंडपाठ असतं. आमच्या ताईंनी त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझा निरोप टाकला. त्यात मी पैसे मागितले नव्हते. "दोन महिने, आठवड्याला पाच किलो कणी हवी," असं लिहिलं होतं. "मदत करा" म्हटलं की लोक हळहळतात. किलो सांगितले की कुणीतरी पिशवी घेऊन येतं. पेट शॉपमध्येही फाटलेलं किंवा मुदत जवळ आलेलं पोतं विचारा, पण तारीख बघा आणि खवट वास येतोय का ते हुंगा.

एवढं करूनही भागलं नाही, तर नातेवाइकाकडे ठेवा. परत कधी नेणार ती तारीख सांगून, खाण्याचं माप कागदावर लिहून. हमरस्त्यावर सोडून येऊ नका. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर टाकणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये, म्हणजे कायद्याच्या भीतीनं कुणी थांबत नसणार, ते सोडा.

भोपळ्या शेवटचा दीड महिना शिरोळला बहिणीकडे होता. नवं काम लागल्यावर आणायला गेलो, तर गडी तीन किलोनं वाढलेला, आणि माझ्यासोबत यायला तयार नाही.