पत्रिकेवर नाजूक अक्षर वापरायचंय? आधी 'वऱ्हाडी' लिहून बघा

नाशिकच्या रविवार कारंजाजवळ मी पंधरा वर्षं लग्नपत्रिका करते. हंगाम आला की कुणीतरी मोबाइलवर इंग्रजी पत्रिकेचा फोटो दाखवतं, "ताई, अस्सं हाताने लिहिल्यासारखं नाजूक हवं." मलाही ते अक्षर आवडतं. पण त्या रोमन फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच. मराठी टाइप केलं की संगणक आपल्याकडचा दुसराच फॉन्ट लावून मोकळा होतो. तेव्हा देवनागरीचाच हस्ताक्षरी फॉन्ट शोधा. सुरुवातीला 'कलम' घ्या. इंडियन टाइप फाउंड्रीचा आहे, हलका, साधा आणि ठळक अशा ३ वजनांत, म्हणजे रेघेच्या जाडीत, मिळतो, आणि मुक्त परवान्यामुळे धंद्याच्या कामालाही पैसे पडत नाहीत.

फॉन्ट कुठलाही असो, मी आधी चार शब्द टाइप करते: वऱ्हाडी, त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगी, शुभमंगल. 'ऱ्ह'चा अर्धा र नीट येतो का? 'त्र्यं'मध्ये पाय मोडलेलं अक्षर तर दिसत नाही ना? 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत की हिंदी? कुलदैवताचं नाव तुटलेलं छापून आलं तर घरातल्या मोठ्यांना ते लागतं, आणि लागायलाच हवं.

हे अक्षर फक्त वधूवरांच्या नावांना द्या, तेही २४ पॉइंटच्या खाली नको. मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, 'आपले नम्र' हे सगळं 'मुक्ता'सारख्या सरळ फॉन्टमध्ये. निफाडचे आजोबा ट्यूबलाइटखाली पत्रिका लांब धरून वाचतात, त्यांना वेळ चटकन दिसली पाहिजे. दोन अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि हाताचा ओघच जातो. ओळींमध्ये मात्र जागा सोडा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

छपाईत खरी परीक्षा. गडद मरून पार्श्वभूमीवर पांढरी बारीक रेघ ठेवली की आजूबाजूची शाई तिच्यात भरते. एकदा माझ्याकडून 'मंजिरी'चा अनुस्वार असाच बुजला. नवरीच्या आईने पत्रिकेवरून बोट फिरवलं आणि काही बोलल्या नाहीत. सहाशे पत्रिका मी पदरच्या पैशांनी पुन्हा छापल्या. तेव्हापासून गडद पार्श्वभूमीवर आणि सोनेरी फॉइलला मी ठळक वजनच घेते. फिक्या कागदावर हलकं वजन शोभतं, पण एकाच शाईत. चार रंग एकमेकांवर चढवून केलेली बारीक रेघ जरा सरकली तरी दुहेरी दिसते.

प्रेसला फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे अक्षरं फॉन्टशिवायही तशीच दिसणाऱ्या आकृत्या होतात. त्यांच्याकडे तुमचा फॉन्ट असेलच असं नाही. कर्व्ह न केलेली प्रत मात्र जपून ठेवा, तारखा बदलतात.

मनुक्यांच्या डब्यांची लेबलंही हल्ली माझ्याकडे येतात. तिथे नाव नाजूक अक्षरात चालतं, मालाचं वजन आणि घटक कधीच नाही. आणि नमुना पडद्यावर मोठा करून पाहू नका. खऱ्या मापात, त्याच कागदावर छापा आणि हातभर लांबून वाचा.