मुलाच्या हालचालींचा व्हिडिओ डॉक्टरांसाठी कसा काढायचा

घरी दिवसातून अनेकदा दिसणारी हालचाल दवाखान्यात नेमकी दिसत नाही. मूल नव्या जागी बुजतं किंवा थकून झोपी जातं, आणि आईवडिलांना हाताने नक्कल करून दाखवण्यापलीकडे काही उरत नाही. अशा वेळी नीट काढलेले दोन-तीन व्हिडिओ निदानाची दिशाच ठरवू शकतात.

मोबाइल आडवा धरा. उजेड तुमच्या पाठीकडून मुलावर यावा. मूल खिडकीसमोर असलं तर नुसती काळी आकृती उमटते. अंगावर चड्डी-बनियन पुरे, पाय अनवाणी, मोजेसुद्धा नकोत, कारण पायजम्यात गुडघा आणि घोटा कसा वळतो ते झाकलं जातं. आधी डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण शरीर घ्या, मग जवळून चेहरा आणि हात.

तान्ह्या बाळासाठी ३ ते ५ महिन्यांचं दुरुस्त वय फार मोलाचं. दुरुस्त वय म्हणजे, बाळ वेळेआधी जन्मलं तर ४० आठवड्यांना जेवढे आठवडे कमी पडले तेवढे वयातून वजा करायचे: ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आज ५ महिन्यांचं असेल, तर दुरुस्त वय साधारण ३ महिने. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब धरा. बाळाला सतरंजीवर उताणं ठेवा, पायाशी उभं राहून वरून ३ ते ५ मिनिटं सलग चित्रण करा. चारही हातपाय चौकटीत हवेत. बाळ जागं आणि शांत असावं; खुळखुळा नको, चोखणी नको, कुणी बोलायचंही नाही. या वयात मान, मनगटं, घोटे, खांदे, खुबे सतत बारीक, गोलसर, सगळ्या दिशांना हलत असतात. प्रशिक्षित तज्ज्ञ नेमकं तेच शोधतात. ते अजिबात दिसलं नाही तर सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल बिघडण्याचा) धोका बराच वाढतो. रडणाऱ्या किंवा खेळण्याकडे टक लावलेल्या बाळात या हालचाली दबतात, म्हणून असं चित्रण निरुपयोगी. त्यावरून घरी निष्कर्षही काढू नका.

बसणाऱ्या बाळासमोर खेळणं आधी मधोमध, मग उजवीकडे, मग डावीकडे ठेवा. एक वर्षाच्या आत बाळ कायम एकाच हाताने घेत असेल, तर ‘डावखुरा होणार’ म्हणून सोडून देऊ नका. दुसरी बाजू कमजोर असण्याची शक्यता असते.

चालणाऱ्या मुलाला कॅमेऱ्याकडे येताना, दूर जाताना आणि बाजूने, प्रत्येकी पाचेक मीटर टिपा. ‘नीट चाल’ असं मात्र म्हणू नका. सांगितलं की चवड्यांवर चालणारं मूलही थोडा वेळ टाच टेकवतं. मग जमिनीवर बसवून आधाराविना उठायला सांगा. स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत उठणं हे कमरेच्या आणि मांडीच्या स्नायूंच्या अशक्तपणाचं लक्षण असू शकतं.

हालचाल अधूनमधून येत असेल तर ती सुरू झाल्यावर दटावू नका. चित्रण चालू ठेवून मुलाला नावाने हाक मारा. उत्साहात हात फडफडवण्यासारखी सवयीची हालचाल बहुधा हाकेने थांबते. जागेपणी हात किंवा पाय थरथरत असेल तर तळव्याने हलकेच धरा: साधी थरथर थांबते, आकडीचे झटके हाताला लागतच राहतात. फक्त झोपेत येणाऱ्या झटक्यांत हात-पाय दाबून धरू नका, त्याने ते वाढू शकतात. बाळाला जागं करा आणि झटके थांबतात का ते टिपा.

सकाळी ठीक चालणारं मूल संध्याकाळी पाय आत वळवून चालत असेल, तर एकाच दिवशी दोन्ही वेळा चित्रण करा. डिस्टोनियाचा (स्नायू आपोआप आखडून अवयव वळण्याच्या आजाराचा) एक प्रकार असाच वागतो आणि लेव्होडोपा या औषधाच्या थोड्या मात्रेने उत्तम सुधारतो, म्हणून हा फरक निसटता कामा नये. हातपाय आपोआप नाचल्यासारखे हलत असतील, तर हात समोर ताणून आणि जीभ बाहेर काढून दहा-दहा सेकंद धरायला लावा. आधीच्या काही महिन्यांत घसा दुखला होता का तेही लिहा. घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या संसर्गानंतर असा कोरिया (आपोआप नाचऱ्या हालचालींचा आजार) होतो आणि त्यात हृदयाची तपासणी लागते.

प्रत्येक चित्रणासोबत तारीख, वेळ, झोप की जाग, खाणं कधी झालं आणि चालू औषधं लिहून ठेवा. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडनेही मान आणि डोळे वळू शकतात.

काही वेळा व्हिडिओसाठी थांबायचं नाही. श्वास अडखळला, ओठ निळे पडले किंवा झटके ५ मिनिटांपेक्षा लांबले, तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका आणि तातडीची मदत बोलवा. पहिल्या वर्षात, विशेषतः झोपेतून उठल्यावर, मान आणि हात क्षणभर आत ओढले जाण्याचे झटके लागोपाठ येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोटदुखी किंवा दचकणं समजून इथे फार वेळ वाया जातो. आलेली कला गेली, म्हणजे बसणारं मूल बसेनासं झालं, तर कोणत्याही वयात लगेच दाखवा. ९ महिन्यांना आधाराविना बसत नसेल किंवा १८ महिन्यांना चालत नसेल, तरी वेळ घ्याच.

पाठवताना मूळ फाइल न कापता, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एरवी दर्जा घसरतो आणि बोटांची बारीक हालचाल पुसली जाते. नातेवाइकांच्या गटात ती टाकू नका. दवाखान्यात जाताना सर्वांत स्पष्ट चित्रण आधी दाखवायला काढून ठेवा.