बाउटच्या (लढतीच्या) आदल्या रात्री गार्ड तपासताना

पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात स्पर्धा असली की वजनाच्या रांगेत पिशव्या उघडतात आणि तेव्हा कळतं, चेस्ट गार्ड मोठ्या भावाचा आलाय. म्हणून ही तपासणी आदल्या रात्रीच करा. पुढचं मुख्यतः तायक्वांदोसाठी आहे.

सुरुवात माउथगार्डपासून. पाणी उकळून गॅस बंद करा आणि पाकिटावर दिलेत तेवढेच सेकंद गार्ड बुडवा, साधारण 20 ते 30. जास्त ठेवला तर कडा वितळतात, कमी ठेवला तर दात उमटत नाहीत. गार्ड जरासा निवला की वरच्या दातांवर बसवून चावा, गाल आत ओढा, जिभेनं मागून दाबा, मग गार पाण्यात टाका. तोंड उघडल्यावर खाली पडला तर पुन्हा करा. दातांना तारा असतील तर हा प्रकार नको. दातांच्या डॉक्टरांकडून वेगळा करून घ्या. रंगही बघा, पांढरा किंवा पारदर्शकच चालतो.

चेस्ट गार्ड बांधून खाली बसा, हात वर करा. वरची कड हनुवटीला लागली तर एक साइज लहान घ्या. खालच्या बरगड्या उघड्या राहिल्या तर मोठा. ग्रॉइन (जांघ), शिन (नडगी) आणि फोरआर्म (कोपर ते मनगट) गार्ड गणवेशाच्या आत घालायचे. शिन गार्ड फिरला की नेमकं हाड उघडं पडतं, त्यामुळे इलॅस्टिक सैल झालेला सरळ बदला. पावलाची वरची बाजू समोरच्याच्या कोपरावर आदळणं ही नेहमीची दुखापत. सरावात तिथलं पॅडिंग विसरू नका.

हेडगार्ड घालून मान जोरात हलवा. डोळ्यांवर सरकला तर बाद. अंगठ्यानं दाबलेला फोम वर आला नाही तरी बाद. पण त्यावर फार विसंबू नका. तो कापणं, खरचटणं कमी करतो, कवटीच्या आत मेंदू हलणं थांबवत नाही. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर हेडगार्डशिवायच खेळले. डोक्याला मार लागून खेळाडू गोंधळला, तोल गेला किंवा मळमळलं, तर त्या दिवशी पुन्हा मॅटवर नाही, पदक हातातोंडाशी असलं तरी. स्पारिंग (सरावातली लढत) डॉक्टरांच्या परवानगीनंतरच. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा झटके आले तर लगेच 108 लावा.

पुण्याच्या पावसाळ्यात ओले गार्ड स्कूटरच्या डिकीत राहिले की दोन दिवसांत कुबट वास सुटतो, पाठोपाठ त्वचेला बुरशी. घरी येताच पुसा, पंख्याखाली पसरा, ग्लोव्ह्जमध्ये कालचा पेपर कोंबा.