संक्रांतीचं शूट, मेणवलीचा घाट आणि पावणेसातचा उजेड

नव्या नवरीची पहिली संक्रांत, अंगावर काळी चंद्रकळा, गळ्यात हलव्याचे दागिने. फोटो मात्र स्टुडिओत काढायचे नाहीत, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर काढायचे, तेही सूर्य वर यायच्या आत. दर जानेवारीत असं एखादं काम माझ्याकडे येतंच. फोनवर मुलगी साडीचं बोलते, तिची आई दागिन्यांचं बोलते, फोटोग्राफर धुक्याचं बोलतो. थंडीचं नावही कोणी काढत नाही. आणि त्या सकाळी खरा गोंधळ घालते ती थंडीच. तेव्हा मेकअप करणारीने, आणि जिचा मेकअप व्हायचाय तिनेही, कधी काय करून ठेवायचं ते इथे एकदा सांगून टाकते.

सुरुवात फोटो निवडण्यापासून. मुली चाळीस-चाळीस स्क्रीनशॉट पाठवतात, त्यातले निम्मे समुद्रकिनाऱ्यावरचे, भर उन्हातले. मी दोनच मागते. माझे स्वतःचे दोन ठरलेले आहेत. दोन्ही ‘व्होग’ या फॅशन मासिकाची १९५० सालची मुखपृष्ठं आणि दोन्हींवर एकच मॉडेल, जीन पॅचेट. जानेवारीच्या अंकावर फोटोग्राफर एर्विन ब्लुमेनफेल्डने चेहरा जवळजवळ पुसूनच टाकलाय. पांढऱ्या कागदावर उरलाय तो एक डोळा, त्यावरची भुवई, ओठ आणि एक तीळ. नाक नाही, गाल नाहीत, हनुवटीची रेषही नाही, तरी बाई कशी आहे ते नेमकं कळतं. एप्रिलच्या अंकावर दुसरा फोटोग्राफर अर्व्हिंग पेनने तिलाच निव्वळ काळ्या-पांढऱ्यात बसवलंय. टोपी, चेहऱ्यावर जाळी, नजर बाजूला आणि गडद ओठ. चंद्रकळा आणि हलवा म्हणजे तरी दुसरं काय? काळं आणि पांढरंच. त्यामुळे या शूटसाठी मला याहून जवळचा नमुना सापडलेला नाही. घेण्यासारखं त्यातून एकच: डोळे आणि ओठ एवढंच ठरवायचं, बाकी चेहरा शांत ठेवायचा. गालावर चमक, पापण्यांवर तीन रंग, नाकाला कॉन्टूर, म्हणजे गडद छटेने काढलेला उठाव, असलं सगळं काळ्या साडीवर भांडायला लागतं.

फोटोवरून रंगाची नक्कल करण्याआधी उजेड कुठून आलाय ते बघायचं. मॉडेलच्या बुबुळात पांढरा ठिपका दिसतो. तो चौकोनी असेल तर खिडकी किंवा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी दिव्यापुढची कापडी पेटी, बारीक गोल असेल तर बहुधा उघडा फ्लॅश, आणि आडवा पसरट असेल तर मोकळं आकाश. नाकाखालची सावली धारदार आहे की विरघळलेली, तेही बघायचं. घाटावर पहाटे सावली विरघळलेलीच मिळणार. मग फ्लॅशच्या फोटोतलं लखलखतं हायलायटर तिथे लावून काय उपयोग? घरचा नमुना हवा असेल तर गौतम राजाध्यक्षांनी काढलेले नट-नट्यांचे चेहरे बघा. मऊ उजेड म्हणजे काय ते दहा मिनिटांत कळतं.

ट्रायलच्या दिवशी फोनने एक फोटो काढायचा आणि तो कृष्णधवल करून बघायचा. रंग गेल्यावरही डोळे आणि ओठ चेहऱ्यापासून वेगळे उठून दिसले तर काम झालं. ओठ गालात मिसळून गेले तर लिपस्टिक एक-दोन छटा गडद घ्यायची. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पिकून काळपट व्हायला लागते ना, तो लाल काळ्या साडीवर छान बसतो. गुलाबी-बदामी ‘न्यूड’ छटा पहाटेच्या निळसर उजेडात आजारी दिसते. हे मी एका हौशी नवरीला पटवू शकले नाही. नंतर फोटो बघून तिला स्वतःलाच पटलं.

आता त्वचा. इथे मी जरा जास्त बोलणार, कारण हिवाळ्यात मेकअपची निम्मी लढाई इथेच असते. कोरड्या हवेत त्वचेतलं पाणी भराभर उडतं, वरचा थर ताठ होतो आणि त्यावर फाउंडेशन भेगाळतं, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या मातीसारखं. शूटच्या पंधरा दिवस आधीपासून नवं काहीही चेहऱ्याला लावायचं नाही. नवं सिरम नाही, ब्लीच नाही, मैत्रिणीने सांगितलेलं फेशियल नाही. लावायचंच असेल तर आधी कानामागे लावून दोन दिवस थांबायचं. अंघोळीचं पाणी कोमट. जानेवारीत हे सांगणं क्रूरपणाचं आहे, कबूल, पण कडकडीत पाणी त्वचेचं तेल घेऊन जातं. चेहरा पुसून पूर्ण कोरडा करायचा नाही. ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक अ‍ॅसिडवालं काही असेल तर तेही ओल्या त्वचेवर, आणि त्यावर क्रीमचा थर हवाच, नाहीतर ओढून घेतलेलं पाणी कोरड्या हवेत परत उडून जातं. हातापायांना तिळाचं तेल. भोगीला तीळ घालून अंघोळ करायची आपली रीत आहेच, मी ती फक्त दोन आठवडे आधी सुरू करायला लावते.

ओठांसाठी आणि टाचांसाठी भिरंडेल. कोकणातल्या लोकांना सांगायला नको. कोकमाच्या बियांचं हे घट्ट तेल, वडीसारखं मिळतं, काही जण त्याला मुठेल म्हणतात. बोटाने घासून गरम केलं की हळूहळू पाघळतं. रोज रात्री ओठांवर आणि टाचांच्या भेगांवर लावायचं. टाचा का, तर घाटाच्या पायऱ्यांवर नवरी अनवाणी बसणार, जोडवी दिसावीत म्हणून पाय पुढे घेणार, आणि फोटोग्राफर नेमका तिथे कॅमेरा खाली आणणार. ओठांवर साखर चोळून स्क्रब करायचा असेल तर चार दिवस आधी करायचा. आदल्या रात्री केला तर सकाळी ओठ सोलवटलेले असतात आणि गडद लिपस्टिक प्रत्येक साल दाखवते. थ्रेडिंग, वॅक्सिंग तीन दिवस आधी उरकायचं.

फोटोग्राफरला आठवडाभर आधी एक फोन करायचा. प्रश्न दोनच. पहिला, फ्लॅश वापरणार का? वापरणार असेल तर सिलिकावाली पांढरी ‘एचडी’ पावडर आणि झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइडवालं सनस्क्रीन पेटीतून बाहेर. डोळ्यांना न दिसणारी ही पावडर फ्लॅश पडला की उजेड परत फेकते. एका नवरीचं कपाळ आणि डोळ्यांखालचा भाग माझ्यामुळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसला होता, तेव्हापासून हा प्रश्न मी विसरत नाही. दुसरा प्रश्न, खालून उजेड द्यायला काही आणणार का? काळी साडी उजेड खाते. पांढऱ्या शालूवरून जसा हनुवटीखाली उजेड परततो तसा चंद्रकळेवरून येत नाही, आणि डोळ्यांखालचे खड्डे अधिक खोल दिसतात. हे कन्सीलरचे थर चढवून सुटत नाही. कमरेच्या उंचीवर धरलेली थर्मोकोलची पांढरी शीट ते सोडवते. रिफ्लेक्टर नसेल तर शीट मीच गाडीत टाकते.

पेटी आदल्या रात्री भरायची. फाउंडेशन पातळ, ओलसर दिसणारं, छटा दारात उभं राहून दिवसाच्या उजेडात गळ्याशी ताडून घेतलेली. फाउंडेशनखाली लावायचा प्रायमर सिलिकॉनचा आणि फाउंडेशन पाण्याचं असेल तर चोळताना गुठळ्या सुटू शकतात. ही जोडी घरीच हाताच्या पाठीवर तपासायची. ब्लश क्रीमचा. काजळ आणि मस्कारा वॉटरप्रूफ, कारण गार वाऱ्यात डोळ्यांतून पाणी येतंच, रडू नसलं तरी. टिश्यू, कानकाड्या, स्ट्रॉ, चिकटपट्टी, सुई आणि पांढरा दोरा. थर्मासभर चहा, गरम पाण्याची पिशवी, पायमोजे, जाड शाल. ही शेवटची चार मेकअपची नाहीत असं वाटेल, पण ब्रशच्या संचाआधी मी तीच मोजते.

हलव्याचे दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात, एकावर एक न रचता ठेवायचे. साखरच ती, दवात आणि धुक्यात चिकट व्हायला लागते, आणि चिकट झालेला हार चंद्रकळेवर पांढरे डाग सोडतो. दागिने सगळ्यात शेवटी, घाटावर पोचल्यावर चढवायचे. चढवल्यानंतर सेटिंग स्प्रे, परफ्यूम, हेअरस्प्रे काही नाही. गळ्याला मॉइश्चरायझर लावलं असेल तर टिश्यूने टिपून घ्यायचं. आणि हो, मुंग्या. पायरीवर डबा उघडा ठेवला तर त्या तुमच्याआधी तयार असतात.

पुण्याहून पहाटे निघू, दोन तासांत पोचू, हा बेत मी आता कोणालाही करू देत नाही. खंबाटकीत एखादा ट्रक बंद पडला की उजेड गेला. आदल्या रात्री वाईतच मुक्काम करायचा. जानेवारीत सूर्य सात-सव्वासातला उगवतो, त्याआधी वीस-पंचवीस मिनिटं जो निळसर, सावली नसलेला उजेड असतो तोच हवाय. म्हणून पावणेसातला घाटावर. मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटर, म्हणून सव्वासहाला निघायचं. साडीला अर्धा तास, चेहऱ्याला सव्वा तास, म्हणजे साडेचारला तोंड धुवून खुर्चीत. केस सोपे ठेवा. खोपा, त्यावर एक गजरा, पुरे.

खुर्चीत बसल्यावर पहिली दहा मिनिटं मेकअप नाही. हात चोळून गरम करायचे आणि क्रीम चेहऱ्यावर दाबत दाबत मुरवायचं. गारठ्यात स्टिक आणि क्रीमची उत्पादनं मेणासारखी घट्ट होतात, तशीच ओढली तर खाली त्वचा ताणली जाते. हाताच्या पाठीवर घेऊन ऊब द्यायची, मग स्पंजने थोपटायची. लिपस्टिक मी सकाळपासून स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवते. डोळे आधी, म्हणजे खाली सांडलेली पूड पुसता येते. बाकी चेहरा त्यानंतर, साडी सगळ्यात शेवटी. तोवर नवरीने पुढून बटणं असलेला जुना शर्ट घालायचा, नाहीतर ब्लाउज घालताना अर्धा चेहरा गळ्याला लागतो. पावडर फक्त नाकाच्या बाजूला, हनुवटीवर आणि टिकलीच्या जागी. ती जागा आधी कोरडी पुसायची, नाहीतर तेलकट कपाळावरून चंद्रकोर तासाभरात घसरते. कृत्रिम पापण्या लावणार असाल तर गोंद गारव्यात उशिरा वाळतो, घाई करायची नाही. मी या शूटला त्या लावतच नाही. काजळ वरच्या पापणीच्या मुळाशी ठेवते, खाली जवळजवळ नाहीच, कारण पाणी आलं की ते खालीच पसरतं.

ब्लश निम्माच लावून निघायचं. थंडी स्वतःच ब्लश करते, फक्त चुकीच्या जागी, म्हणजे नाकाच्या शेंड्यावर आणि कानांवर. घाटावर उतरल्यावर दहा मिनिटं थांबायचं, नाक किती लाल होतंय ते बघायचं, मग पिवळसर करेक्टर बोटाच्या टोकाने फक्त तिथे. तेवढ्यात घाटालगतच्या वाड्याशी चौकशी करून परवानगीचं बघायचं आणि कोणी पूजेला किंवा धुणं धुवायला आलं असेल तर त्यांची पायरी सोडून आपली निवडायची. हा नाना फडणवीसांचा वाडा आणि वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा बघायला नवरीकडचे सगळे जातात. जाऊ द्या, तेवढीच नवरीभोवतीची गर्दी कमी होते.

दोन फोटोंच्या मध्ये शाल अंगावर, पायात मोजे, पोटाशी गरम पिशवी. हातावर काटा आला की काळ्या साडीच्या काठाशी तो ठळक दिसतो, आणि थंडीने निळसर पडलेला ओठ कुठल्याही लाल रंगाखालून आपला गारठा दाखवतो. चहा स्ट्रॉने, कोमट करून. डोळ्यांतलं पाणी पुसायचं नाही, टिश्यूचा कोपरा दुमडून कडेला टेकवायचा, तो आपोआप शोषतो. सूर्य समोरच्या झाडांवर आला की उजेड नारिंगी होतो आणि तोच चेहरा वेगळा दिसायला लागतो. उरलेला अर्धा ब्लश तेव्हा. साडेआठनंतर सावल्या धारदार होतात, मग पेटी बंद.

मेकअप काढायला खोबरेल तेल नेलं असेल तर बाटलीत ते गोठलेलं असणार. गरम पिशवीतलं पाणी एका वाटीत ओतून बाटली त्यात उभी करायची. तेल वितळेपर्यंत हार सोडवायचा, तुटलेल्या माळेतला हलवा वेगळ्या डबीत काढायचा आणि घाटावर कॅमेऱ्याभोवती सकाळपासून उभ्या असलेल्या पोरांच्या हातावर ठेवायचा. माझ्या अनुभवात ती फक्त एकच विचारतात, मुकुटही तुटलाय का.