ड्रम मशीन घेताय? आधी उलटं करून मागची बाजू बघा

पहिलं ड्रम मशीन, म्हणजे ठेका आपोआप वाजवणारं यंत्र, मी सेकंडहँड घेतलं, हेडफोन लावून आवाज ऐकले, किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा धमधम आवाज, दणदणीत वाटली, पैसे दिले आणि कुडाळला घरी घेऊन आलो. गणपतीच्या आधी आमच्या भजनाचे पाच अभंग रेकॉर्ड केले, बुवांनी मृदुंग वाजवला, मागे मशीन. मिक्सिंगला बसलो तर किक बरोबर मृदुंगाच्या कणीक लावलेल्या बाजूवर बसलेली, आणि किक कमी करायला जावं तर हायहॅट, क्लॅप, सगळंच खाली जातंय, कारण सगळे आवाज एकाच स्टिरिओ ट्रॅकमध्ये. बुवांनी ऐकून एवढंच विचारलं, "अरे, माझो मृदुंग खंय गेलो?" पाचही अभंग परत करावे लागले.

म्हणून सांगतो, आवाज नंतर ऐका, आधी मागे आऊट, म्हणजे आवाज बाहेर काढायचे जॅक, किती आहेत ते मोजा. लाईव्ह वाजवायला दोन आऊट पुरतात, रेकॉर्डिंगला नाही पुरत. 1980 च्या रोलँड टीआर-808 ला सुद्धा मागे जवळजवळ प्रत्येक आवाजाचा वेगळा आऊट होता, म्हणजे ही काही नवी चैन नाही. आज अलेसिस एसआर-16 ला चार आहेत, आर्टुरियाच्या ड्रमब्रूटला मेन सोडून बारा, त्याच्या धाकट्या इम्पॅक्टला चार. कोर्गचं व्होल्का बीट्स सहा पेन्सिल सेलवर चालतं, पावसात लाईट गेली तरी काम थांबत नाही, पण आऊट एकच, तोसुद्धा हेडफोनचा बारका. यूएसबी आहे म्हणून खूश होऊ नका, काही मशीनच्या यूएसबीतून फक्त मिडी, म्हणजे कधी काय वाजवायचं याचे इशारे, जातं, आवाज जातच नाही. रोलँडच्या टीआर-8एस मधून वेगवेगळे ट्रॅक जातात. दुकानदाराला नेमकं विचारा, "यूएसबीतून आवाज वेगवेगळे येतात का?" नुसतं "यूएसबी आहे ना" असं विचारलंत तर हो म्हणूनच उत्तर येणार.

आणि तुमच्या इंटरफेसला, म्हणजे आवाज कंप्युटरमध्ये घेणाऱ्या डब्याला, इनपुट किती, तेही बघा. दोनच असतील तर चार आऊटचं मशीन दोन फेऱ्यांत घ्यावं लागेल, आणि दोन्ही फेऱ्या जुळायला मशीन कंप्युटरच्या मिडी क्लॉकवर, म्हणजे कंप्युटरने दिलेल्या लयीवर, चालायला हवं. घरात दोनच आऊटचं मशीन पडलेलं असेल आणि त्यात पॅन, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे सरकवायची सोय, असेल तर किक पूर्ण डावीकडे, बाकी सगळं पूर्ण उजवीकडे करून रेकॉर्ड करा. किक तरी सुटी मिळते. मला हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

मात्रा. पॅटर्न, म्हणजे मशीनवर लावलेला ठेका, सोळा स्टेप्सवर, म्हणजे सोळा घरांवर, अडकलेला नको, लांबी बदलता आली पाहिजे. मात्रेला दोन स्टेप्स धरल्या तर दादरा सहा मात्रांचा, म्हणजे बारा स्टेप्स, रूपक सात मात्रांचा, म्हणजे चौदा. दुकानात उभं राहून चौदा स्टेप्सचा पॅटर्न लावून बघा, लाज वाटून घेऊ नका.

अडॅप्टर. जपानहून आलेलं सेकंडहँड मशीन असेल तर सोबतचा अडॅप्टर 100 व्होल्टचा असू शकतो, आपल्या 230 ला लावलात की जळणार. नवीन घेताना नुसतं 9 व्होल्ट बघून चालत नाही, बॉस कंपनीच्या गिटार पेडलना मधली पिन मायनस लागते, व्होल्काला प्लस. मशीनवर छापलेलं चित्र वाचा, वाचा म्हणजे वाचाच.

खारा वारा. किनाऱ्यावर राहत असाल तर सेकंडहँड घेताना प्रत्येक जॅकमध्ये टॉर्च मारा, आत हिरवट थर दिसला तर सोडून द्या. प्रत्येक नॉब फिरवा, खरखर येते का ऐका. घरी आणल्यावर पावसाळाभर झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. जुन्या मशीनमधली मेमरीची बॅटरी गेलेली असेल तर बंद केलं की पॅटर्न पुसले जातात, म्हणून विकणाऱ्यासमोर एकदा बंद करून चालू करा.

पॅडला हलक्या-जोरदार हाताचा फरक कळतो का, बघा. जितके आऊट तितक्या केबल घ्या, एक जादा. पॅटर्नचा बॅकअप. रेकॉर्डिंगला किकचा ट्रॅक वेगळा, बाकी काहीही एकत्र झालं तरी चालेल, किक वेगळी. आणि पैसे द्यायच्या आधी मशीन परत उलटं करा, आऊट मोजा.